चवथीची विक्री

पणजीहून पेडण्याला जाणाऱ्या बसमध्ये शेवंती चवथीला गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या माटोळीला बांधायच्या फळांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. बाजारात फिरून पाय भरून आले होते. पुढच्या बाकावर रंगाच्या दुकानात काम करणारे दोघे बोलत होते, एक पिकल्या केसांचे काका आणि एक मुलगी.

"काय गो गौरवी, त्या नव्या सॉफ्टवेअरचं काय झालं?"

"महिनाभर वापरून बघितलं, काका. तिन्ही दुकानांची विक्री एका पडद्यावर जोडून दाखवतं. काम चांगलं करतं."

"मग तोंड असं का?"

"गेल्या वर्षीचे आकडे घातले. चवथीला दुकानं बंद होती ना, ते दिवस रिकामे दिसले. त्याला वाटलं, आकडे हरवले. मग आदला आठवडा बघून त्यानेच विक्री भरून टाकली."

"आदल्या आठवड्यात तर अख्खा तालुका घर रंगवतो!"

"तेच तर. मी अहवालात लिहिलं, ही चूक आहे."

"मालक काय म्हणाले?"

"पडद्याकडे बघतच राहिले. म्हणाले, एवढा धंदा आपण सोडतो? यंदा दुकान उघडं ठेवू."

"अगो, गणपती घरात बसलेला असताना भिंती कोण रंगवणार?"

"तेही सांगितलं. म्हणाले, सॉफ्टवेअर तूच तपासलंस, दुकानात तूच बस."

"चवथीला?"

"चवथीला."

शेवंतीने पिशवी पोटाशी ओढून घेतली.

"आणि गिऱ्हाईक?" काकांनी विचारलं.

"गिऱ्हाईक पडद्यावर आहे ना, काका."