माझ्या समुद्राला इस्त्री कुणी केली?

मंडळी, मागे उभे आहात त्यांनी पुढे या, खुर्च्या आहेत. येनाहून पहाटेची गाडी पकडून आलात, बाड हॉम्बुर्गहून सात तास गाडी चालवत जर्मनीच्या या उत्तर टोकाला आलात. एवढी माणसं बघून ताई म्हणाली असती, "अगं, यांच्या जेवणाचं काय?"

मी पल्लवी. सुजाताताईच्या हाताखाली पाच वर्षं काम केलं. ताईला जाऊन आज अकरा दिवस झाले. ताईचे यजमान, आमचे दाजी, मला म्हणाले, "चार शब्द बोल." मी म्हटलं, दाजी, मला रडत बोलता येणार नाही. मी चिडलेय. माझे शब्द तिखट होतील. ते म्हणाले, "मग तिखटच बोल. तिला तसंच चालायचं."

तर ऐका.

ताई समुद्र मोजायची. हा इथला, खिडकीतून दिसतोय तो बाल्टिक. चहूबाजूंनी जमीन, बाहेर पडायला अरुंद वाट. कॉम्प्युटरमध्ये या समुद्रावर चौकोनांची जाळी टाकायची आणि प्रत्येक चौकोनातलं पाणी कुठे जातं त्याचं गणित करायचं. चौकोन मोठे ठेवले की काम सोपं. पण मग लहान भोवरे दिसतच नाहीत. एखाद्या गल्लीएवढा भोवरा, दोन दिवस फिरतो आणि विरतो. लोक म्हणायचे, त्याला कोण विचारतं? ताई म्हणायची, मी विचारते!

का विचारते? कारण आपल्या या खाडीत सांडपाण्याचा पाइप टाकायचं ठरतंय. मोठ्या चौकोनांचं गणित सांगतं, घाण सरळ खोल समुद्रात जाईल. ताईचं गणित सांगतं, नाही जाणार. खाडीतले भोवरे ती धरून ठेवतील आणि फिरवून पोरं पोहतात त्या किनाऱ्यावर आणून टाकतील. याचा अहवाल सरकारी आम्टकडे, म्हणजे खात्याकडे, जायचा होता. त्यातली आकडेमोड आमची.

तिला वेडी म्हणायचे, माहितीये ना? दर वसंतात धक्क्यावरून संत्री फेकायची. संत्रं पाण्यात अर्धं बुडून तरंगतं, वारा त्याला फारसा ढकलत नाही. नागपूरची बाई, स्पेनची संत्री आणि बाल्टिकचं पाणी! मग किनाऱ्यावर वही घेऊन बसायची, कुठलं संत्रं कुठे लागलं ते लिहायला. एकदा मित्रानं, म्हणजे तिच्या लेकीनं, परत आलेलं संत्रं सोलून खाल्लं. ताई मराठीत ओरडली, ही जर्मनमध्ये उलट बोलली. सगळा किनारा हसला.

आता माझं सांगते. हे दाजींनाही माहीत नाही.

ताई क्रांकेनहाउसमध्ये, दवाखान्यात होती. अहवालाची फ्रिस्ट, म्हणजे मुदत, शुक्रवारी संपत होती. बारीक चौकोनांचा रन, म्हणजे कॉम्प्युटरवर लावलेलं सगळं गणित, तीनदा मध्येच कोसळला. असं झालं की आमच्यात एक सोपा उपाय असतो. पाण्याच्या चिकटपणाचा आकडा वाढवायचा. गणितातलं पाणी काकवीसारखं जड होतं, भोवरे मरतात आणि रन शहाण्यासारखा पूर्ण होतो. मी आकडा वाढवला. रन झाला. मी सही केली, अहवाल पाठवला आणि लॅपटॉप घेऊन ताईकडे गेले. मोठ्या फुशारकीनं गेले.

तिनं चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. म्हणाली, "पल्लवी, माझ्या समुद्राला इस्त्री कुणी केली गं?"

मी म्हटलं, ताई, शुक्रवारी फ्रिस्ट आहे. ती म्हणाली, "फ्रिस्ट वाढवून मिळते, बाई. अर्ज कर."

मी म्हटलं, "हो, करते."

खोटं बोलले. अहवाल तर गेला होता. नऊ दिवसांनी ताई गेली, अर्ज झालाय असं समजून गेली. मला माफ करा, दाजी. मला तेव्हा तिच्याशी वाद घालायचा नव्हता, ती इतकी थकली होती. पण ते कारण नाही. मी घाबरले होते, हे कारण.

तिसऱ्या रांगेत आमचे विभागप्रमुख बसलेत. मित्रा त्यांच्या कानात जर्मन करून सांगतेय. सांग गं मित्रा, काही गाळू नकोस. वाईट माणूस नाहीत ते. ताई गेली तेव्हा माझ्यासमोर रडले. पण काल मी सही मागे घेते म्हटलं, तर म्हणाले, "सुजाताच्या आदरापोटी तरी हे आता शांतपणे संपवू या."

आदर? कसला आदर, मंडळी? भिंतीवर फोटो लावायचा, हार घालायचा आणि तिच्या नावाखाली तिनं नाकारलेलं चित्र छापायचं? याला आदर म्हणायचं? माझं काँट्रॅक्ट ऑगस्टमध्ये संपतंय. त्यांनी आठवण करून दिली, प्रेमानंच. आल्झो, तर मग संपू दे. येनाच्या कारखान्यात भिंगं पुसेन. पण ताईच्या नावावर तो गुळगुळीत समुद्र राहू देणार नाही. नाही म्हणजे नाही!

आणि ताई चुकली असेल तर? असेलही. भक्ती करायला ती देव नव्हती, तिलाच ते आवडलं नसतं. बारीक चौकोनांचा रन पुन्हा लावलाय. कोसळला तर पुन्हा लावीन. तिचे भोवरे खोटे निघाले, तर याच हॉलमध्ये येऊन सांगेन. पण आधी त्यांना फिरू तर द्या.

बाहेर टेबलाखाली संत्र्यांची पेटी आहे, मित्रानं सकाळी आणली. इथून सगळे धक्क्यावर जाऊ. ताईची वही मित्राच्या हातात असेल. संत्री जिथे लागतील तिथे लागतील, ती तसंच लिहील.

त्याआधी उभे राहा. एक मिनिट कुणी काही बोलायचं नाही. मीसुद्धा नाही. फक्त ताईला एक निरोप द्यायचा राहिलाय, तो देते आणि गप्प होते.

ताई, आज सकाळी सही मागे घेतली. फ्रिस्ट वाढवून मागितली. उशीर झाला गं, पण अर्ज केला.

जय भीम.