वणीच्या वाटेवर थांबलेला कंटेनर

मी, वाल्मीक रंगनाथ सांगळे, वय ५२ वर्षे, धंदा आयात-निर्यातीची कागदपत्रे करणे, शिक्षण दहावी, कस्टमचे काम स्वतः शिकलेलो, रा. सिन्नर, जि. नाशिक. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देतो की,

सिन्नर एमआयडीसीतील कारखानदार हर्षल बोडके यांनी बेदाणे निवडायचे मशीन परदेशातून जहाजाने मागवले आहे. त्याचे कागद मी केले. माल बंदराला लागण्याआधीच बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे काय माल येतो आहे याची सरकारला लेखी माहिती, दाखल करावी लागते. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि जहाज कंपनीची पावती यांतला शब्द न् शब्द जुळावा लागतो. माझा जुळतो. कंटेनर सीलबंद अवस्थेत न्हावाशेवाहून ओझरजवळच्या डेपोत जायचा, तिथे कस्टमची तपासणी, मगच मशीन सिन्नरला. वाटेत दारावरचे कस्टमचे क्रमांकाचे सील तुटले तर मशीन अडकून पडते, आणि बेदाण्याचा हंगाम हर्षलसाठी थांबत नाही.

आज सकाळी गाडी ओझर सोडून वणीकडे जाताना मला जीपीएसमुळे मोबाईलवर दिसली. चालक भिकन पगारे फोन उचलेना. म्हणून मी कंटेनर पळवल्याची तक्रार दिली. पोलिसांना गाडी वणीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला, देवीच्या गडाकडे तोंड करून उभी असलेली दिसली. चालकाला ठाण्यात आणून बसवले आहे.

मी गाडीपाशी पोहोचलो तेव्हा केबिनमध्ये हर्षलच्या आई कुसाबाई ओटीचे सामान मांडीवर घेऊन बसल्या होत्या. चालकाचा नंबर त्यांनी मुलाच्या मोबाईलमधून काढला व ओझरच्या फाट्यावर गाडीत चढल्या. चालक सांगतो की, हर्षलसाहेब रागावतील असे त्याने म्हटले, तर आजी म्हणाल्या, साहेबाला मी बघते, तू फोन उचलू नको.

मावशी, हे काय केलंत, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "वाल्मीक, तूच माझ्या वट्यावर बसून सांगितलं ना, माल यायच्या आधी सरकारला कळवावं लागतं, नाहीतर दंड बसतो? मंग गडावरच्या आईला कळवायला नको? ती काय सरकारपेक्षा लहान हे का?"

मी आधी सील पाहायला कंटेनरच्या मागे गेलो.

सीलवर कुंकू व झेंडूचे फूल होते. पंचांसमक्ष मी रुमालाने कुंकू पुसून क्रमांक एकेक अक्षर वाचला. कागदाशी जुळला. सील शाबूत आहे. नारळ टायरपुढे फोडलेला असून सीलवर पाण्याचा थेंब नाही. कुसाबाई म्हणाल्या, "सरकारचं कुलूप म्हणून कुंकू लावलं. वढून नाही पाहिलं."

भिकनचा चोरीचा हेतू नव्हता. माझी त्याच्याविरुद्ध तक्रार राहिलेली नाही. त्याला गाडीसह लगेच सोडावे, डेपो संध्याकाळी बंद होतो.

वाट बदलल्याचे कस्टमला लेखी कळवणे माझ्याकडे आहे. टायर पंक्चर झाला असे लिहा, असे हर्षल फोनवर म्हणाला. माझ्या कागदात खोटे जात नाही. 'मालकाच्या आईने देवीला कळवण्यासाठी गाडी वळवली' असेच जाईल. खाली सही करायला कुसाबाई तयार आहेत, फक्त पेन चांगला दे म्हणाल्या.

जबाब मला वाचून दाखवला, नंतर मी चष्मा लावून स्वतःही वाचला. हवालदारांनी 'चोरीचा कंटेनर' लिहिले होते, त्यातला 'चोरीचा' हा शब्द मी खोडायला लावला. बाकी मजकूर मी सांगितला तसाच व बरोबर आहे. खोडलेल्या शब्दाशेजारचा लाल डाग शाईचा नसून माझ्या रुमालावरच्या कुंकवाचा आहे, ती दुसरी खाडाखोड समजू नये.