बारापर्यंतचं मौन

दवाखान्याच्या बाकावर सून सासऱ्यांवर उसळली, तशी पलीकडे कापडाला टाके घालत बसलेल्या एका शिंपीणबाईंची सुई थांबली.

"शेजारच्या मास्तरांनी तीनदा दार वाजवलं आणि तुम्ही आत बसून राहिलात, बाबा?"

"उपवासकाळ आहे. ईस्टरपर्यंत चाळीस दिवस दुपारी बारापर्यंत मौन. प्रभूला शब्द दिलाय मी."

"मौन तोंडाचं होतं! कडी काढायला हातांना काय धाड भरली होती?"

"दार उघडलं की बोलावं लागतं."

"नोकरी गेल्यापासून तो माणूस कुणाच्या दारात जात नाही. आज छातीत कळ आली म्हणून आला, आणि जिन्यातच कोसळला!"

नर्स बाहेर आली. "मास्तरांबरोबर कोण? शुद्धीवर आल्यापासून एकच विचारताहेत, शेजारच्या आजोबांनी दार उघडलं नाही, ते बरे आहेत ना?"

सासऱ्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"बोला की आता," सून म्हणाली. "बारा वाजून गेलेत."