पहिल्या अंकात मरणारा

(पोलादपूरजवळची एक वाडी, मे १९९८. शाळेच्या ओट्यावरून झकेरिया आपला टीव्ही आणि व्हिडिओ टेम्पोत चढवतो आहे.)

चंद्रभागा : काल रातचा पिक्चर मी पण बघितला, दत्ताराम. शेवटपर्यंत बघितला. म्हणूनच सांगते, माझा रामा मरायचा नाय.

दत्ताराम : काकी, खरंच थोडाच मरतोय! जत्रेचं नाटक आहे. ॲटमबाँब पडतो, जग संपतं, पाच माणसं तळघरात वाचतात. पिक्चरमध्ये होतं तेच मी मराठीत लिहिलं.

चंद्रभागा : आन् आतलं पाणी संपल्यावर भायेर कोणाला धाडलं?

दत्ताराम : त्या काळ्या नोकराला. तोच पार्ट रामाला दिलाय.

चंद्रभागा : तो दारात येऊन मेला. यांनी हंडा तेवढा आत ओढला.

झकेरिया : हंडा नाय काकी, कॅन होता.

चंद्रभागा : कॅन तर कॅन. माणूस भायेरच राहिला ना?

झकेरिया : तो निदान बाँबनंतर मेला. दाढीवाला दुकानदार बघितलात? तो आधीच गेला. आमच्या अझीमने दुबईहून ही कॅसेट आणली, म्हटलं आपलं पण कोणी दिसेल. दिसला, तो पाठमोरा.

दत्ताराम : तू टीव्ही उचल ना, बाबा! काकी, जुना इंग्लिश पिक्चर तो. त्यात त्यांचीच माणसं असणार.

चंद्रभागा : मग आपल्या नाटकात आपली का नाय? कोण कोण हाय तळघरात?

दत्ताराम : मी डॉक्टर. मग पाटील, गुरुजी, सैनिक आणि पाटलाची मुलगी.

चंद्रभागा : मुलगी कोण?

दत्ताराम : आमचा अक्षय. साडी नेसून.

झकेरिया : म्हणजे जग नव्याने वसवायला चार बाप्ये आणि अक्षय! अल्ला, काय होणार दुनियेचं!

चंद्रभागा : ती साडी तुझ्या सेजलला दे. तिला नेसवावी लागत नाय.

दत्ताराम : बहिणीला स्टेजवर आणू? वरच्या आळीत बोभाटा होईल. पार्ट मुंबईच्या गावकरी मंडळाच्या मीटिंगमध्ये ठरतात, दरवर्षीची पद्धत आहे. आणि खालच्या वाडीला आम्ही घेतो तरी, काकी. आजूबाजूच्या गावात कोण घेतं?

चंद्रभागा : घेतोस, आन् पयल्या अंकात मारतोस. गेल्या साली साप चावून मारलास, त्याच्या आदल्या साली दरोडेखोर करून. का, ते मला ठाव हाय. मेला की उठून पडदा ओढायला मोकळा.

दत्ताराम : त्याच्यासारखा पडदा कोणालाच जमत नाही.

चंद्रभागा : जमवा. माझा बाप महाडला तळ्यावर गेलता. पाणी प्याला, मग डोक्यात काठी खाल्ली. तरी घरी आला, माझ्या लग्नात नाचला. त्याच्या नातवाला तू पाण्यापायी मारणार? ते पण टाळ्या घ्यायला?

दत्ताराम : परवा जत्रा, काकी! आता काय बदलू?

चंद्रभागा : रामा पाणी घेऊन येतो. जिता. दारात हुबा राहतो.

दत्ताराम : दार आतून बंद आहे. डॉक्टर ते उघडू देत नाही.

चंद्रभागा : नको उघडू देऊस. पाणी तर भायेर हाय.

झकेरिया : घ्या! आता कोण कोणाला विनवतो ते बघू.

दत्ताराम : तू गप. काकी, माझा डॉक्टर हट्टी आहे. तो तहानेने मरेल, पण उघडणार नाही.

चंद्रभागा : तर मरू दे त्याला. मागून बाकीचे उघडतील. रामा त्यांना पाजील, पयला घोट आपण घेऊन. हे जमत नसेल तर सांग, माझा पोर घरी बसेल.

दत्ताराम : आणि तो शेवटपर्यंत स्टेजवर राहिला तर पडदा कोण ओढणार?

चंद्रभागा : डॉक्टर मेलाय ना?

दत्ताराम : मी?

चंद्रभागा : संध्याकाळी ये घरी. रामा शिकवील. डावी दोरी आधी सैल सोडायची, म्हणतो तो.