समुद्रात कमी दाब

मोताळ्याच्या एसटीची वाट पाहत सुलभा बुलढाण्याच्या स्टँडवर बसली होती. पाठीमागच्या बाकावर धामणगावच्या दोघी बोलत होत्या. सुलभानं मान वळवली नाही, पण कान मात्र तिकडंच होते.

“खुश हो वं सिंधूताई! समुद्रात कमी दाब झाला म्हने. उद्यापासून पाऊसच पाऊस.”

“कोनं सांगतलं?”

“मोबाईलवर आलं. सोयाबीन वाचलं वं माय! तुह्या तोंडावर काऊन बारा वाजले?”

“माहा पोरगा प्रसेनजित तिकडंच हाये. मासे धरायच्या बोटीवर कामाले.”

“मंग फोन लाव ना त्याले.”

“बोट आत गेली का फोन लागत नाही.”

“येईन वं परत. मोठी रायते बोट.”

“मांगच्या साली त्यायच्याच बंदरातली एक गेली, थेबी मोठीच होती. लय धुंडलं. नुस्ता जेवनाचा डबा सापडला, पान्यावर तरंगता.”

“पन पोहता येते ना त्याले?”

“विहिरीत येते.”



“तुह्यंबी सोयाबीन सुकूनच राह्यलं ना वं?”

“हाव.”

“मंग पाऊस नाही पायजे तुले?”

“सुकू दे. सोयाबीन पुढच्या साली पेरता येते.”