तुळसीची दाढ

...आणि तरीही या घरात माझे कोणी ऐकत नाही! तुम्हाला सांगतो, आमच्या सूनबाई वनजा, त्यांना एकदा नव्हे, शंभरदा बजावले की आमच्या नातीचे, आठ वर्षांच्या तुळसीचे दात काळे पडत चालले आहेत, जरा लक्ष घाला, तर शिलाईयंत्रावर ब्लाउजची बाही फिरवत म्हणतात, "अय्यो मामा, दुधाचेच दात, पडणारच की." आमच्या मंडळींना, शकुंतलाबाईंना सांगावे, तर त्या लवंग शोधायला जातात त्या दुसऱ्या दिवशी परततात! शाळेची पायरी न चढता मी एवढे ग्रंथ वाचले, ते कशासाठी? ऐकतो कोण?

शेवटी गाल लिंबाएवढा सुजला, पोरीला इडलीसुद्धा गिळवेना, तेव्हा मीच रिक्षा बोलावून बन्नीमंटपाजवळच्या दवाखान्यात नेले. वनजेलाही मुद्दाम बरोबर घेतले... डॉक्टरांच्या तोंडून तरी ऐकू दे!

डॉक्टरीणबाई कानडीत लाडाने म्हणाल्या, "बाय तेगी, पुट्टी." तोंड उघड गं पोरी, म्हणे. पोरीने ओठ असे शिवून घेतले, की टाका आमच्या शिंप्याच्या दुकानातलाच! अर्ध्या तासाने उघडले. बाईंनी आरसा घालून आत पाहिले. मग म्हणाल्या, चार दात किडलेत, आणि मागची ही दाढ दुधाची नव्हे, कायमची; सहाव्या वर्षी मागून निमूट येते, घरच्यांना पत्ता नसतो. काढावी लागेल. पुन्हा येणार नाही.

मी वनजेकडे अशा काही मुद्रेने पाहिले म्हणता! तोच बाईंनी तुळसीला विचारले, "उजव्याच गालाकडच्या दातांना एवढी कीड कशी गं? तिथे काय धरून ठेवतेस?"

"खडीसाखर."

आता तुम्हाला सांगायलाच हवे... विठ्ठलमंदिरात संध्याकाळच्या आरतीनंतर खडीसाखर वाटण्याचा मान गेली एकवीस वर्षे माझा. नातीला मूठभर. आणि नियमही माझाच, की प्रसाद कडाकडा चावू नये, पाप लागते. गालात धरावा, हळूहळू विरघळू द्यावा.

वनजेने पदराने तुळसीचे तोंड पुसले. मला चार शब्द सुनावले असते तर बरे झाले असते.

दाढ गेली. चार दिवसांनी आरतीला पोरगी पुन्हा हात पसरून उभी. प्रसाद नाकारता थोडाच येतो? एकच खडा ठेवला आणि म्हणालो, "तुळसाबाई, आजपासून चावून टाकायचा आणि चूळ भरायची."

"नको, आजोबा. पाप लागेल." आणि खडा डाव्या गालात!

समजावले, दरडावले, ग्रंथांची नावे सांगितली... छे! जन्मभर ओरडत आलो, या घरात माझे कोणी ऐकत नाही म्हणून. एक जण ऐकत होती हो.