हैदराबादेनं घेतलं तवा

निजामाच्या अमदानीत एकदा पाटोद्याला मोटारीची वाट पाहत होतो. शेजारी हैदराबादचे एक वकील आणि त्यांना पोचवायला आलेली थोरली बहीण बसली होती. वडलांच्या, बापूंच्या, आठवणी निघाल्या होत्या.

"अक्का, औरंगाबादचं कॉलेज सोडून हैदराबादेला गेलतो. तिथं वकिलीच्या कॉलेजात मोजकीच पोरं घ्यायचे. पहिल्या साली मला घेतलं न्हाई, ध्यानात हाय?"

"हाय की. ह्याच जागी उतरलता तू. मान वर करत नव्हतास."

"बापूंनी काय बी विचारलं न्हाई. ट्रंक डोक्यावर घेतली अन् म्हणले, चल, आंब्याचा रस केलाय."

"सांजच्याला मला म्हणले, त्याची उर्दू कच्ची हाय, मुन्शीजीकडं धाडतो."

"मुन्शीजींनी वर्षभर लई घासून घेतलं. मग घेतलं हैदराबादेनं. बापू लई खूश झालते."

"गावभर गूळ वाटला. पर तुला मोटारीत बसवून घरी आले, अन् जेवलेच न्हाईत."

"कावून?"

"मी बी तेच विचारलं. म्हणले, साईत्रा, पोरगं आता पाव्हण्यावानी येईल."

"हे तू कधी सांगितलं न्हाईस."

"त्यांनीच सांगू नको म्हणलं. तू माघारी फिरला असतास."

"फिरलोच असतो, अक्का."

"म्हणूनच. ऊठ आता, मोटार आली."